समुद्राशी बोलण्याची रीत

वडील माणसांशी कसे बोलावे, साहेबाशी कसे बोलावे, नव्या जावयाने सासऱ्याशी कसे बोलावे, याचे धडे आपल्याकडे घरोघर फुकट मिळतात. समुद्राशी कसे बोलावे हे मात्र मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत कोणी शिकवले नव्हते. सारा जन्म मुंबईत गेला, चौपाटीवर भेळ खाल्ली, लग्नाआधी सौभाग्यवतींना याच समुद्राच्या साक्षीने दोन-चार न पाळलेली वचने दिली. पण समुद्र म्हणजे भेळेच्या गाडीमागचा पडदा, एवढीच त्याची-माझी ओळख. शिकवले ते माझ्याच वर्गातल्या एका मुलीने, आणि तेही मी तिची चारचौघांत थट्टा केल्यावर. त्या हकीकतीत मी काही फार चांगला दिसत नाही. पण दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे वर्षातून एकदा खरे बोलायला हरकत नसावी.

जुलै महिना होता. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि प्रथम वर्षाच्या वर्गात मी कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' शिकवत होतो. 'विशाखा' १९४२ साली आली. तेव्हापासून मराठीच्या मास्तरांना ही कविता म्हणजे गवयाला हमखास टाळी मिळवून देणारी चीज होऊन बसली आहे. खवळलेला समुद्र, फुटू पाहणारे गलबत, आणि त्या समुद्राला क्षुद्र लेखणारा तो खलाशी! मी आवाज चढवला, हात उंचावला, डस्टर टेबलावर आपटले. शेवटच्या बाकावरची मुलेदेखील मोबाइल खाली ठेवून ऐकू लागली. मास्तराच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मुलगी मितभाषी, अक्षर सुरेख, राहायला कोळीवाड्यात. ती म्हणाली, "सर, कविता छान आहे. पण आमच्याकडे समुद्राशी असं बोलत नाहीत."

आता यावर चांगल्या शिक्षकाने म्हणायला हवे होते, "असं का? मग कसं बोलतात, सांग बघू." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मग तुमच्याकडे काय, समुद्राला अर्ज करतात?"

वर्ग खो खो हसला. ती खाली बसली. मी पुन्हा हात उंचावला, पण तो हात आता मघासारखा उठेना.

पुढे चार दिवस ती वर्गात आली, टिपणे घेत राहिली, माझ्याकडे मात्र तिने पाहिले नाही. पाचव्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत येऊन उभी राहिली. मला वाटले, आता तक्रार. ती म्हणाली, "सर, नारळी पौर्णिमेला आमच्याकडे या. आजीनं सांगितलंय. बाईंनाही घेऊन या." घरी तिने काय सांगितले होते कोण जाणे! नाही म्हणायला तोंड नव्हते.

निघण्याच्या दिवशी घरात माझी विद्वत्ता पाजळून झाली. आमच्या लहानपणी भरतीची वेळ काढायचा एक सोपा हिशोब असे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमेला, पंधराची पाऊणपट, सव्वा अकरा. हे मी चिरंजीवांना पटवून देत होतो, तेव्हा त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात बाराच्या सुमाराची वेळ होती. मी म्हटले, "यंत्र चुकत असेल." नंतर नाखव्यांना, म्हणजे त्या मुलीच्या वडिलांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, तुमचा हिशोब घरात बसणाऱ्याला बराबर हाय. होडीवर जाणाऱ्यानं पाणी बघावं."

गेलो तेव्हा दुपार कलली होती. कोळीवाडा नटला होता. होड्यांना रंग, पताका, झेंडूच्या माळा. बँडवाले घाम पुसत होते. नऊवारी नेसलेल्या बायका अंगावरच्या सोन्यानिशी उन्हाला लाजवत होत्या. हे सारे आपण वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांत दर वर्षी पाहतो, तेव्हा त्याचे वर्णन करीत नाही. छायाचित्रात न येणाऱ्या दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांगतो.

पहिली म्हणजे, होडीवर पाय ठेवण्याआधी नाखव्यांनी पायातल्या चपला काढल्या. होडी तर ओल्या लाकडाची आणि वंगणाची. तिथे चपला काढण्यासारखे स्वच्छ काही नव्हते. मी पण काढल्या. आमच्या चिरंजीवांचे बूट दोरीचे, त्यांना वेळ लागला. पण कोणी "राहू दे रे" म्हटले नाही.

दुसरी गोष्ट आजीची. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ तिच्या हातात होता. मी आजवर समजत होतो की नारळ समुद्रात टाकतात. एका तरुणाने तसा भिरकावलाही. आजी मात्र कमरेइतक्या पाण्यात गेली, वाकली, आणि तान्हे मूल पाळण्यात ठेवावे तसा तिने नारळ पाण्यावर ठेवून हात सोडला. परत आल्यावर सौभाग्यवतींना म्हणाली, "बाय, देवाला कोण फेकून मारतं का?"

तिसरी गोष्ट मी विचारली म्हणून कळली. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ माशांचा अंडी घालण्याचा काळही हाच. म्हणून कोळी पूर्वीपासून या दिवसांत होड्या ओढून घेत आणि श्रावणी पौर्णिमेला नारळ देऊनच पुन्हा पाण्यात घालत. आता त्याला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना बंदी, हा गेल्या काही वर्षांतला ठरलेला नियम. पण कायदा इंग्रजी तारखेने चालतो आणि आजी पंचांगाने. दोघांचे बहुधा दहा-पंधरा दिवसांनी जमते. २०२३ साली मात्र अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला पडली. कायद्याने समुद्र मोकळा आणि पंचांगाने बंद, असा महिनाभर पेच!

"मग काय केलंत?" मी विचारले.

नाखव्यांनी आधी आईकडे पाहिले. ती दाराशी सौभाग्यवतींशी बोलत होती. मग हळूच म्हणाले, "सोळा दिस थांबलो. बाकीचे पयल्या रात्रीच गेले. हिची अकरावीची फी व्हती, इंजिनाचं काम व्हतं. सतराव्या दिवशी एकटाच पहाटे किनाऱ्यावर गेलो, नारळ सोडला, दर्याला सांगितलं की आई रुसल, पण मी जातो. आणि गेलो."

"आणि आजी?"

"रुसली. पौर्णिमा होईपर्यंत माझ्या हातचं म्हावरं घरात शिजू दिलं नाय."

मुलगी चहाचे कप घेऊन मागे उभी होती. तिने हे ऐकले असावे. पण तिने कप खाली ठेवले आणि ती आत गेली. तिची फी त्या चौदा दिवसांतून भरली गेली होती, हे मला उशिरा उमगले. आणि मी तिला विचारले होते, अर्ज करतात का!

नाखव्यांची मासेमारी डोलीची. डोल म्हणजे एक भली मोठी जाळ्याची पिशवी. तोंड रुंद, शेपटीकडे निमुळती. समुद्रात खुंट रोवून ती ताणून बांधायची. भरती-ओहोटीचा ओघ तिच्यात शिरतो आणि त्याबरोबर बोंबील, जवळा, कोलंबी येतात. माशामागे धावायचे नाही; पाणी आणील तेवढे घ्यायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओघ जोराचा, म्हणून जाळे भरते. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी मंद, म्हणून हातही मंद. महिन्यातून दोनदा चंद्रच सुटी देतो म्हणा ना! मला हे ऐकून कोण आनंद झाला. मी लगेच उत्साहाने म्हणालो, "वा! म्हणजे निसर्गाच्या मर्यादेत राहून—"

नाखव्यांनी मला मध्येच थांबवले. "तसं नाय, सर. जवळा धरायचा तर शेपटीचे डोळे बारीक लागतात. बारीक डोळ्यांत पापलेटची पोरं पण अडकतात. वर काढली की जगत नायत. फेकली तरी मेली, विकली तरी मेली. तुमी काय कराल?"

मी काय करणार? मराठीचा प्राध्यापक अशा वेळी चहा पितो.

मोठ्या पर्ससीनवाल्यांवर, रात्री पाण्यावर दिवे सोडून मासे गोळा करणाऱ्यांवर त्यांचा राग होताच. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. तरी काळोखात दिवे दिसतात, असे ते म्हणाले. पण त्यांनी सगळे पाप मोठ्यांच्या माथी मारून स्वतःचे हात झटकले नाहीत, हे मला फार आवडले. एकदा डोलीत कासव आले. कासव म्हणजे देव. जाळे कापून सोडून दिले. जाळे कापून असा संरक्षित जीव सोडला तर २०१८ पासून राज्य सरकार पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देते, हे त्यांना ठाऊक होते. पण त्याला पुरावा लागतो. "फोटो काढू का कासव सोडू?" ते म्हणाले. "दोनच हात दिलेत देवानं."

निघता निघता त्यांनी होडीच्या कडेला ठेवलेली दोन पोती दाखवली. जाळ्यात माशांबरोबर येणारा कचरा. दुधाच्या पिशव्या, वेफरची पाकिटे, एक लहान मुलाचा बूट. आणि वेगळ्या टोपलीत गाठ मारलेल्या काही पिशव्या. त्या वेगळ्या का, म्हणून सौभाग्यवतींनी विचारले.

"त्यात निर्माल्य हाय, बाई. तुमच्या शहरातली माणसं पुलावरून टाकतात. परत दर्यात टाकू तर पिलास्टिक. कचऱ्यात टाकू तर देवाची फुलं. मग आमी पिशवी फाडतो, फुलं माडाच्या बुंध्यात घालतो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती. वाचकहो, आमच्या घरचे निर्माल्य गेली सतरा वर्षे खाडीच्या पुलावरूनच जाते. स्कूटर कडेला लावायची, पिशवीला घट्ट गाठ मारायची, म्हणजे फुले रस्त्यावर सांडून पायदळी येऊ नयेत, मग ती खाली सोडून दोन्ही हात जोडायचे. घरात देवाचे काही काम मी मनापासून करीत असेन तर ते एवढेच. गाठ मारण्यात तर माझा हातखंडा आहे. त्या टोपलीतली एखादी गाठ मला ओळखू येते की काय, अशी भीती वाटून मी चपला शोधू लागलो.

परत येताना टॅक्सीत कोणी फारसे बोलले नाही. वरळीवरून जाताना किनाऱ्याचा नवा रस्ता दिसला. २०२४ च्या मार्चपासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि मीही त्यावरून हौसेने फिरून आलो आहे. उगाच साधुत्वाचा आव आणत नाही. पण तिथल्या पुलाच्या खांबांची गोष्ट मला त्या दिवशी आठवली. होड्या बाहेर पडण्याच्या वाटेवर दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवायचे ठरले होते. कागदावर पाहिले तर ६० मीटर म्हणजे केवढे! वरळीचे कोळी म्हणाले, लाट आडवी आली की एवढ्यात होडी खांबावर जाईल. २०० मीटर हवेत. पुष्कळ दिवस काम अडले, भांडण झाले आणि शेवटी २०२२ च्या डिसेंबरात सरकारने १२० मीटर मान्य केले. मधला एक खांब गळाला. तिथल्या पाण्याचा स्वभाव कोणाला अधिक ठाऊक, एवढाच तो वाद होता.

या बाजूच्या समुद्राशी आपले बोलणे तसे जुनेच आहे. एके काळी इथे सात बेटे. वरळी आणि मुंबई यांच्या मधल्या खिंडीतून भरतीचे पाणी आत घुसे. पायधुणीला लोक पाय धूत, म्हणून तिचे नाव पायधुणी पडले, असे सांगतात. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात ही खिंड बांध घालून बुजवली. १७८४ च्या सुमाराला ते काम पुरे झाले. आख्यायिका अशी, की बांध पुन्हा पुन्हा ढासळू लागला, तेव्हा कामावरच्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, मला आधी पाण्यातून वर काढा. मूर्ती सापडल्या, देऊळ झाले, बांध टिकला. तीच आपली महालक्ष्मी. इंग्रज कंपनीच्या बांधालादेखील इथे आधी विचारावे लागले, या कल्पनेत मला मोठी गंमत वाटते. स्वप्न खरे की खोटे, हा प्रश्न इतिहासाच्या प्राध्यापकांनी सोडवावा.

त्या रात्री मी वाल्मीकीचे युद्धकांड काढले. रामाने सेतू बांधला हे सर्वांना ठाऊक. त्याआधीचे आपण विसरतो. राम तीन रात्री दर्भावर पडून समुद्राची विनवणी करीत राहिला. म्हणजे अर्जच! समुद्र आला नाही. मग रामाला राग आला, त्याने बाण लावला, तेव्हा समुद्र हात जोडून पुढे झाला. तो घाबरून काहीही कबूल करील, असे आपल्याला वाटते. पण तो म्हणतो, पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, तेज ही सारी आपापल्या स्वभावात राहतात. अथांग असणे आणि ओलांडता न येणे हा माझा स्वभाव. आटणार नाही, पण नल सेतू बांधील तर तो धरून ठेवीन. खुद्द रामालाही तो स्वभाव सोडून काही देत नाही. आणि त्या चढवलेल्या बाणाचे काय? तो परत भात्यात जात नाही. समुद्राच्या सांगण्यावरून राम तो उत्तरेकडच्या द्रुमकुल्य नावाच्या प्रदेशावर सोडतो आणि तिथले पाणी आटून मरुभूमी होते.

हे वाचताना मला २६ जुलै २००५ आठवला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, त्यात दुपारची भरती. मिठी नदीच्या काठावर आपण जागोजाग भराव घातलेला, तिवरे तोडलेली. समुद्र पाणी घेईना, जमीन मुरवेना. मी तेव्हा पंचविशीतला, नोकरीत नवा. कमरेइतक्या पाण्यातून अनोळखी माणसाचा हात धरून रात्रभर चालत घरी पोचलो होतो. कुठे तरी कधी तरी चढवलेला बाण त्या रात्री आमच्या गल्लीत येऊन पडला होता.

असो. फार गंभीर होऊ लागलो की सौभाग्यवती म्हणतात, "तुमचा तास संपला."

घरात पुढे काय झाले तेही सांगतो. निर्माल्याला गच्चीवर एक जुना माठ आला. पहिले पंधरा दिवस चिलटे झाली, शेजाऱ्यांनी नाक मुरडले, मग वाळलेला पालापाचोळा घालायचा असतो हे कळले. गणपतीनंतर त्या मातीत लावलेल्या झेंडूला आता दिवाळीपुरती फुले आली आहेत. मासे मात्र अवघड गेले. भाजीगल्लीच्या टोकाला बसणाऱ्या आमच्या नेहमीच्या कोळणीने ऑगस्टअखेर तळहाताएवढी पापलेटे समोर केली. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि त्याच साली राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही, विकायचा नाही. हे सारे मी तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "सायबा, ही धरली कुणी? मी नाय. गेल्या वर्साला तूच म्हणालास ना, ताटात मावतील अशी दे?"

म्हणालो होतो. पाहुण्यांसाठी प्रत्येकी एक आख्खे पापलेट द्यायचे तर मोठे परवडत नाही, म्हणून लहान मागत असे. त्या दिवशी आम्ही बोंबील घेतले. तेही डोलीतलेच आणि त्याच बारीक डोळ्यांतले असणार, हे माहीत असून घेतले. नाखव्यांच्या प्रश्नाला अजून माझ्यापाशी उत्तर नाही.

ऑक्टोबरात सत्र परीक्षा झाली. प्रश्न मीच काढला होता: 'कोलंबसाच्या समुद्राविषयीच्या वृत्तीचे विवेचन करा.' गुण दहा. सत्तर जणांनी माझीच टिपणे मला परत केली. एका उत्तरपत्रिकेवर ते सुरेख अक्षर दिसले. तिने लिहिले होते, की कोलंबसाला पलीकडच्या किनाऱ्याला जायचे आहे; समुद्र ही त्याच्या वाटेतली अडचण आहे, म्हणून तो तसा बोलतो आणि कवितेत ते योग्य आहे. काही लोकांना पलीकडचा किनारा नसतो. ते जिथून निघतात तिथेच परततात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात जातात. त्यांची बोलण्याची रीत वेगळी असते. पुढे एकच ओळ होती: 'समुद्राला अर्ज करतात का, असे एकदा विचारले गेले होते. हो, करतात, दर वर्षी श्रावणात. आणि बहुतेक वेळा उत्तर येईपर्यंत थांबतात.'

'बहुतेक वेळा' या शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती.

मी आठ गुण दिले. उत्तरपत्रिका पुन्हा तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी चष्मा वर करून विचारले, "अहो, शेवटी सगळं विषयांतर आहे. आणि हे विचारलं होतं कुणी?"

तिने उत्तरपत्रिकेत नाव लिहिले नव्हते. मीही सांगितले नाही. गुण तेवढे आठच ठेवायला लावले.